अर्जापासून जॉइनिंगपर्यंत १४० दिवस

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार. मुलीला शाळेत सोडून आले आणि एका सॉफ्टवेअर कंपनीच्या करिअर पेजवर अर्ज भरला. १ जुलैला त्याच कंपनीत रुजू झाले. मधले १४० दिवस कसे गेले ते आता, चार महिने होत आल्यावर, शांतपणे लिहिते आहे. त्या दिवसांत मी रात्री उशिरापर्यंत दुसऱ्यांचे अनुभव शोधत बसायचे. इंटरव्ह्यूत काय विचारतात हे पुष्कळ जणांनी लिहिलं होतं. पण 'यू आर सिलेक्टेड' ऐकल्यावर पुढे काय काय होतं, हे फारसं कुणी लिहिलेलं सापडलं नाही, आणि माझी खरी ओढाताण तिथेच झाली.

थोडं माझ्याबद्दल. मी टेस्टिंगमधली, म्हणजे सॉफ्टवेअर तपासून चुका शोधणारी. सहा वर्षं नोकरी केली आणि जानेवारी २०२० मध्ये मुलीसाठी सोडली. सहा महिन्यांचा विचार होता. मार्चमध्ये लॉकडाउन लागला, आणि बघता बघता चार वर्षं निघून गेली. दरम्यान मॅन्युअल टेस्टिंगच्या (हाताने तपासण्याच्या) जागा कमी होऊन जिकडेतिकडे ऑटोमेशन (प्रोग्रॅम लिहून तपासणं) मागायला लागले होते. म्हणून २०२३ च्या ऑगस्टपासून रोज दुपारी दोन तास बसून जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि सिलेनियम, पोस्टमन ही टेस्टिंगची साधनं शिकले. सर्टिफिकेट काही नाही, गिटहबवर (कोड ठेवायच्या वेबसाइटवर) एक छोटा प्रोजेक्ट तेवढा होता. बायोडेटात ब्रेक लपवला नाही. 'जानेवारी २०२० ते आजपर्यंत: कौटुंबिक कारणासाठी करिअर ब्रेक' अशी सरळ ओळ घातली आणि तिच्याखाली काय शिकले ते लिहिलं. ब्रेकची तारीख पुढे-मागे करण्याचा सल्ला मलाही मिळाला होता. कृपा करून तसं करू नका. पीएफच्या नोंदीत महिना न् महिना दिसतो.

अर्ज करण्याआधी एक काम केलं, त्याचा पुढे फार उपयोग झाला. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पोर्टलवर यूएएन, म्हणजे आपला पीएफचा कायमचा नंबर, टाकून सर्व्हिस हिस्टरी (आजवरच्या नोकऱ्यांची नोंद) पाहिली, तर जुन्या कंपनीने माझी नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नव्हती. कागदोपत्री मी अजून तिथेच कामाला! शेवटचं योगदान जमा होऊन दोन महिने झाले की ही तारीख आपल्याला स्वतःला भरता येते. 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट' असतं, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं कंपनीचं पत्र) समोर ठेवूनच भरा, कारण तेव्हा तरी एकदा भरली की आपल्याला परत बदलता येत नव्हती.

मग वाट बघणं. पंधरा दिवस काही नाही. २७ फेब्रुवारीला एचआरचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते आणि अनोळखी नंबर म्हणून उचलणारच नव्हते. दहा मिनिटांचं बोलणं झालं: अनुभव किती, ब्रेक का, अपेक्षित पगार किती, कधी रुजू होऊ शकाल. अपेक्षित पगाराला मी गडबडले आणि जुनाच आकडा सांगून बसले. 'या कामासाठी तुमचं बजेट काय आहे ते कळलं तर सांगायला सोपं जाईल,' एवढं म्हणायला हवं होतं. दुसऱ्या एका कंपनीच्या फोनवर तसं म्हटलं, तर त्यांनी चटकन सांगितलं.

९ मार्चला, शनिवारी, ऑनलाइन टेस्ट झाली. ९० मिनिटं, कॅमेरा चालू, ब्राउझरची दुसरी टॅब उघडली की इशारा. दाराला कडी घातली होती, पण मुलगी बाहेरून हाका मारत होती आणि माझी मान सारखी दाराकडे वळत होती. आवाजामुळे किंवा नजर हलल्यामुळे बाद करतील की काय, याच धास्तीत पहिली वीस मिनिटं गेली. तसं काही झालं नाही. तरी पुढच्या प्रत्येक फेरीला मुलीला घेऊन तिचा बाबा घराबाहेर थांबला.

पहिली टेक्निकल फेरी १९ मार्चला. समोर एक मुलगा, माझ्याहून वयाने सात-आठ वर्षं तरी लहान. त्याने स्क्रीन शेअर करायला सांगितली आणि कोरं नोटपॅड उघडायला लावलं. पहिला प्रश्न सोपा होता: फॉर्ममध्ये वय १८ ते ६० चालतं, तर काय काय टाकून बघाल? १७, १८, ६०, ६१ हे आपोआप आलं. मग रिकामी जागा, अक्षरं, उणे संख्या, दशांश, पुढे-मागे स्पेस. चार वर्षांनी कुणीतरी मला माझ्या कामातलं काही विचारत होतं आणि मला ते येत होतं. आवाज स्थिर झाला तो तिथे.

त्यानंतर एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. टेबलमधला दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा. हा प्रश्न मी वीसदा सोडवला होता, आणि तरी त्या क्षणी डोकं कोरं. कर्सर नुसता लुकलुकत होता. मी गप्प बसण्याऐवजी बोलायला लागले: "आधी सगळ्यांत मोठा पगार काढते. मग त्याहून लहान जेवढे पगार आहेत, त्यांतला सगळ्यांत मोठा." बोलता बोलताच हात चालला आणि सबक्वेरी (एका क्वेरीच्या पोटातली दुसरी क्वेरी) लिहून झाली. त्याने विचारलं, "दोघांना सारखाच सर्वाधिक पगार असेल तर?" या पद्धतीत फरक पडत नाही, पण उतरत्या क्रमाने लावून दुसरी ओळ उचलली तर चुकेल, तिथे डिस्टिंक्ट (सारखे आकडे एकदाच धरायला लावणारा शब्द) लागेल, असं सांगितलं. फेरी ४५ मिनिटांची होती, तासभर चालली. पुढे काम करताना त्याच मुलाने मला सांगितलं की उत्तरापेक्षा मी मोठ्याने विचार केला ते त्याला जास्त भावलं.

दुसरी फेरी २ एप्रिलला, दोन सिनियर बाई होत्या. सिव्हिरिटी (बिघाड किती गंभीर) आणि प्रायॉरिटी (तो किती तातडीने दुरुस्त करायचा) यांतला फरक उदाहरणासकट विचारला. होमपेजवर कंपनीच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय: सिव्हिरिटी कमी, प्रायॉरिटी जास्त. वर्षातून एकदा काढायच्या रिपोर्टला अॅप्लिकेशन बंद पडतंय: सिव्हिरिटी जास्त, प्रायॉरिटी कमी. एपीआयच्या (दोन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात त्या दुव्याच्या) स्टेटस कोडमध्ये ४०१ आणि ४०३ वेगळे कसे, हेही आलं (ओळखच पटली नाही तर ४०१, ओळख पटली, पण परवानगी नाही तर ४०३). जेनकिन्सवर (टेस्ट आपोआप चालवायच्या साधनावर) मात्र मी अडले. "मी हे प्रत्यक्ष केलेलं नाही, वाचलं आहे तेवढं सांगते," म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या प्रश्नाकडे वळल्या. कॉल संपल्यावर मी ते 'केलेलं नाही' दिवसभर मनात घोळवत राहिले.

१२ एप्रिलला मॅनेजरची फेरी. टीममध्ये मतभेद झाले तर काय करता, डेव्हलपर बग मान्यच करत नसेल तर काय करता, अशा प्रश्नांना मी आधीच तीन खरे प्रसंग लिहून ठेवले होते: काय अडचण होती, मी काय केलं, शेवटी काय झालं. ते कामी आले. मग त्यांनी विचारलं, "मुलगी लहान आहे ना? सांभाळायला कोण आहे घरी?" पोटात खड्डा पडला. हा प्रश्न विचारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुलीच्या बाबाला त्याच्या कुठल्याही इंटरव्ह्यूत कुणी हे विचारलेलं नाही. मी एवढंच म्हटलं, "कामाच्या वेळात मी पूर्ण उपलब्ध असेन, ती व्यवस्था झालेली आहे," आणि पुढचा शब्द बोलले नाही. घरी कोण असतं, सासूबाईंची तब्येत कशी आहे, हे सांगायची गरज नसते. हे वाक्य आरशासमोर म्हणून ठेवा, ऐनवेळी सुचत नाही.

यानंतर १७ दिवस शांतता. फोन वाजला की धावत जायचं, मेल उघडायचा, स्पॅम बघायचं. आठव्या दिवशी दोन ओळींचा मेल पाठवला, उत्तर नाही. याच काळात दुसऱ्या एका कंपनीने दोन फेऱ्या घेऊन कायमचं मौन धरलं होतं. त्यांचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. नकार परवडला, पण हे असं लटकत राहणं माणसाला आतून पोखरतं. मी चिडचिडी झाले होते. मुलीवर विनाकारण ओरडले, त्याचं आजही वाईट वाटतं. मग एक केलं: रोज सकाळी अकराला एकदा आणि संध्याकाळी पाचला एकदाच मेल बघायचा, आणि नवे अर्ज थांबवायचे नाहीत. त्या १७ दिवसांत नऊ अर्ज टाकले.

त्याच दिवसांत एक फसवा मेलही आला. मोठ्या कंपनीचं नाव, लोगो, 'तुमची निवड झाली आहे', आणि लॅपटॉपसाठी परत मिळणारं डिपॉझिट भरा. मन इतकं आतुर झालेलं असतं की क्षणभर खरं वाटलं. पाठवणाऱ्याचा पत्ता नीट पाहिला तर कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त होतं. नोकरी देणारा तुमच्याकडे पैसे मागत असेल तर तिथेच थांबा.

२९ एप्रिलला एचआरची शेवटची फेरी झाली, त्यात पगार. इथे थोडं थांबते, कारण सीटीसी (कंपनी आपल्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) आणि हातात येणारी रक्कम यांचा हिशेब मला पूर्वी कधीच कुणी समजावला नव्हता. माझा आकडा सांगत नाही, सोयीसाठी ९ लाख धरू (हिशेब २०२४ च्या नियमांनी). मनात आपण बाराने भागतो आणि महिना ७५,००० म्हणून खूश होतो. पण समजा त्यात १० टक्के, म्हणजे ९०,००० व्हेरिएबल आहेत. ते कामगिरीवर, आणि बहुधा वर्षाअखेरीस. बेसिक (मूळ पगार) ४० टक्के, म्हणजे महिना ३०,००० असेल तर कंपनीचा पीएफचा १२ टक्के वाटा वर्षाला ४३,२०० होतो, तोही सीटीसीतच धरतात. बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे १७,३१६. ती साधारणपणे पाच वर्षं सलग नोकरी झाल्याशिवाय मिळत नाही. हे वजा केलं की महिन्याला उरतात ६२,४५७. त्यातून आपला स्वतःचा पीएफ ३,६०० आणि व्यवसाय कर २०० गेला की ५८,६५७, आणि आयकर अजून बाकीच. कंपनी विम्याचा हप्ताही सीटीसीत धरत असेल तर आणखी कमी. म्हणून मी विचारलं, "पगाराचं ब्रेकअप मेलवर पाठवाल का? बघून उद्या सांगते." एचआरच्या बाई जराही रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फिक्स्ड भाग थोडा वाढवून मागितला, आणि मागितलं त्याच्या निम्मं मिळालं.

१० मे रोजी ऑफर लेटर आलं. नवऱ्याने मोठ्याने वाचलं. मला वाटलं, संपलं.

पण लेटरच्या तिसऱ्या पानावर एक ओळ होती: ही ऑफर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन (दिलेल्या माहितीची पडताळणी) समाधानकारक झाल्यावरच अंतिम समजावी. (ज्यांची सध्या नोकरी चालू आहे त्यांनी ही ओळ शोधून वाचा, आणि लेखी ऑफर हातात असल्याशिवाय राजीनामा देऊ नका. तोंडी होकारावर ९० दिवसांची नोटीस सुरू करून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.)

१३ मे ला एका एजन्सीची लिंक आली. आधी संमतीपत्र, मग माहिती: ओळख, पत्ता, शिक्षण, जुनी नोकरी, कोर्टाच्या नोंदी. पत्त्यासाठी कुणी घरी आलं नाही. मोबाइलवर लिंक आली, लोकेशन चालू ठेवून दाराचा आणि नावाच्या पाटीचा फोटो काढून टाकायचा होता. पाटीवर सासऱ्यांचं नाव, तेही चाललं. गुणपत्रिका आणि डिग्री स्कॅन करून दिली. जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या आयकराचा दाखला). चार वर्षांच्या ब्रेकबद्दल स्वतःचं लेखी निवेदन. सगळं एका बैठकीत भरलं आणि निर्धास्त झाले.

२८ मे ला मेल आला: डिस्क्रिपन्सी, म्हणजे तफावत. दोन गोष्टी होत्या.

पहिली, जुन्या कंपनीकडून दुजोरा मिळत नाही. मिळणार कसा? ती कंपनी मधल्या काळात दुसऱ्या कंपनीने घेतली होती आणि मी दिलेला एचआरचा पत्ता बंद पडला होता. इथे पीएफने तारलं. पासबुक आणि सर्व्हिस हिस्टरी डाउनलोड केली. रुजू झाल्याची तारीख होती, सोडल्याची तारीख फेब्रुवारीत मीच भरलेली होती आणि ती रिलीव्हिंग लेटरशी जुळत होती. जोडीला पगार जमा झालेल्या महिन्यांचं बँक स्टेटमेंट दिलं. तीन दिवसांत हा मुद्दा सुटला.

दुसरी गोष्ट माझं नाव. डिग्रीवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पॅनवर आणि पीएफमध्ये माहेरचंच, पण आडनाव शेवटी. आधारवर २०१८ पासून सासरचं: माझं नाव, नवऱ्याचं नाव, त्यांचं आडनाव. एजन्सीच्या तक्त्यात या तिन्ही नावांसमोर 'मिसमॅच' असं लिहून आलं होतं. दोन आठवडे आधी पेढे वाटले होते, आणि आता मी मीच आहे हे सिद्ध करायचं होतं. त्या रात्री मी रडले. आमच्याकडे लग्नानंतर नाव बदलणं इतकं सहज होतं, पण बदललेलं नाव कागदोकागदी नेऊन पोचवायचं काम बाईचं एकटीचं असतं, आणि ते कुणी मोजत नाही.

एजन्सीतल्या मुलीला फोन केला. ती फार समजून घेणारी निघाली. तिने सांगितलं, डिग्रीवरचं नाव बदलायची काहीच गरज नाही, माहेरचं आणि सासरचं नाव जोडणारा कागद हवा: विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आणि ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र. प्रमाणपत्र होतं, पण आम्ही ते लॅमिनेट करून ठेवलेलं. स्कॅन केलं की चकाकी यायची आणि नेमका शिक्क्यावरच पांढरा पट्टा उमटायचा. दोनदा परत आलं. शेवटी खिडकीपाशी तिरपं धरून मोबाइलने फोटो काढला तेव्हा शिक्का वाचता आला. मूळ कागद लॅमिनेट करू नका, नुसत्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा.

प्रतिज्ञापत्र ३० मे ला केलं. १०० रुपयांचा स्टँप पेपर, नोटरीचे ३००, आणि दोन चकरा, कारण पहिल्या मसुद्यात टायपिस्टने वडिलांच्या नावात एक अक्षर गाळलं होतं. सही करण्याआधी प्रत्येक नाव मूळ कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. (महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० च्या जागी ५०० चा स्टँप लागतो, तेवढं धरून चला.) त्याच दिवशी पॅनवरच्या नावाच्या दुरुस्तीचा ऑनलाइन अर्जही करून टाकला, १०७ रुपये. नवं कार्ड जूनच्या तिसऱ्या आठवड्यात घरी आलं.

डिग्रीची विद्यापीठाकडून पडताळणी तेवढी राहिली होती. शुल्क एजन्सीने भरलं, वेळ मात्र माझा जात होता. मे महिना, निकालांचे दिवस, त्यात लोकसभेची निवडणूक. मी दर मंगळवारी एचआरला एक छोटा मेल टाकत राहिले: काय दिलं, काय बाकी आहे, माझ्याकडून आणखी काही हवं आहे का. तक्रारीचा सूर येऊ दिला नाही. रुजू होण्याची मूळ तारीख ३ जून होती, ती पुढे ढकलली गेली. तेव्हा ऑफर रद्द होते की काय या भीतीने दोन रात्री झोप नव्हती. एचआरने नवी तारीख लेखी द्यावी म्हणून मागे लागले आणि दिली त्यांनी. १८ जूनला एका शब्दाचा रिपोर्ट आला: क्लिअर.

१ जुलैला सकाळी नऊला हजर झाले. पहिला अर्धा दिवस पुन्हा फॉर्मच: पीएफसाठी फॉर्म ११, वारसाची नोंद, बँकेचा तपशील. आर्थिक वर्षाच्या मध्ये नोकरी बदलणाऱ्यांना आधीच्या कंपनीचा त्या वर्षाचा पगार कळवावा लागतो (तेव्हा फॉर्म १२बी मध्ये). माझा तसा पगार नव्हताच. फाइलमध्ये प्रत्येक कागदाच्या दोन प्रती आणि सहा फोटो नेले होते, सगळे लागले. ओळखपत्रासाठी एकाने विचारलं, "नाव कसं छापू?" मी आधारवरचं सांगितलं, कारण आता पॅनही तसंच झालं होतं.

पीएफमधलं नाव अजून जुनंच आहे. त्याच्यासाठी जॉइंट डिक्लरेशन (आपण आणि कंपनीने मिळून द्यायचं निवेदन) भरावं लागतं, ते पोर्टलवरून करून कंपनीच्या मंजुरीला पाठवलं आहे. कंपनीने पुढे पाठवलं की पीएफ कार्यालय बघणार. सध्या स्टेटस 'पेंडिंग' दाखवतंय. झालं की इथेच खाली तारखेसकट लिहीन.